मूळचे कोणते, मागाहूनचे कोणते

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्यात गेल्या काही वर्षांत जुनी घरे पडून त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. घर रिकामे करताना माळ्यावरची अडगळ खाली उतरते आणि तिच्यात कधी कधी व्हॉल्व्हचा रेडिओ सापडतो. बहुतेक वेळा तो भंगारात जातो. जो वाचतो, त्याच्या नव्या मालकाला आधी एकच काळजी असते, हा वाजेल का? खरे तर ते फार अवघड नाही. ट्रान्स्फॉर्मर आणि कॉइली शाबूत असतील तर जवळजवळ कुठलाही सेट वाजता करता येतो. अवघड आहे ते हे ओळखणे, की समोरच्या सेटमध्ये कारखान्यातून आले तसे काय उरले आहे आणि मधल्या पन्नास-साठ वर्षांत कुणी काय बदलले.

हे न ओळखता हत्यारे हातात घेणारा माणूस नेमके उलटे काम करतो. डांबर माखलेला मूळचा कंडेन्सर कळकट दिसतो म्हणून कचऱ्यात जातो आणि वीस वर्षांनंतर कुणी घातलेला स्वच्छ भाग मूळचा समजून जपला जातो. भागाचे रूप किंवा त्याच्यावरचे नाव एवढ्यावर काहीच ठरत नाही. सेटचे साल, व्हॉल्व्हचा सॉकेट, सोल्डर, वायर, पाठीचा पुठ्ठा या सगळ्यांची साक्ष एकमेकींशी जुळावी लागते. एक साक्षीदार फुटला तर बाकीच्यांना पुन्हा विचारावे लागते. या प्रकरणात पुढे जे सांगायचे आहे ते सगळे या जुळवणीविषयी आहे.

सुरुवात सालापासून करू, कारण आपल्या पट्ट्यात पहिली गफलत तिथेच होते. फिलिप्सचा कुठलाही जुना सेट दिसला की ‘हा आपल्या पिंपरीतला’ असे सहज म्हटले जाते. त्यामागचा अभिमान मला समजतो, पण तारखा वेगळे सांगतात. फिलिप्सने भारतात कंपनी काढली ती १९३० मध्ये कोलकात्यात. तिथेच १९४८ मध्ये रेडिओ बनवायला सुरुवात झाली. पुण्याजवळ दुसरा रेडिओ कारखाना निघाला १९५९ मध्ये आणि पिंपरीतला कारखाना १९७० मध्ये. तोवर ट्रान्झिस्टरने बाजार काबीज करत आणला होता. म्हणजे १९५५ च्या सुमाराचा व्हॉल्व्हचा सेट पिंपरीतला असूच शकत नाही. तो कोलकात्याचा, नाहीतर परदेशातून आलेला. १९५९ नंतरचा असेल तर पुण्याजवळच्या कारखान्यातला असण्याची शक्यता उघडते, पण तीही लेबल पाहून तपासायची. कंपनीने भारतात बनवलेला दहा लाखावा रेडिओ ३ एप्रिल १९६५ रोजी बाहेर पडला. त्यामुळे इकडे फिलिप्स जास्त सापडतो यात नवल नाही. त्याच्या जोडीला मर्फी असतो, ज्याचा कारखाना ठाण्याला होता, आणि बुश, नॅशनल एको, एचएमव्ही हेही भेटतात.

लेबल पाठीच्या पुठ्ठ्यावर असते. फिलिप्सच्या पुठ्ठ्यावर कंपनीचे नाव ‘फिलिप्स इलेक्ट्रिकल कंपनी (इंडिया)’ असे असेल तर तो साधारण १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी नाव बदलून ‘फिलिप्स इंडिया’ झाले. मॉडेलच्या क्रमांकाचे शेवटचे अक्षरही बोलके असते. ‘ए’ म्हणजे फक्त एसीवर चालणारा, ‘यू’ म्हणजे एसी-डीसी दोन्हींवर, ‘बी’ म्हणजे बॅटरीवरचा. पण पुठ्ठा हा सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे. चार स्क्रू काढले की तो निघतो आणि दुरुस्तीच्या दुकानात एका सेटचा पुठ्ठा दुसऱ्याला सर्रास लागत असे. म्हणून पुठ्ठा जागेवर धरून पाहावे. अँटेना, अर्थ आणि पिकअपच्या सॉकेटांसमोर त्याची भोके बरोबर येतात का? हवेसाठी पाडलेल्या चिरा ऊन होणाऱ्या व्हॉल्व्हच्या मागे येतात का? कडेला धुळीची आणि उन्हाची जी रेघ उठलेली असते, ती कॅबिनेटच्या लाकडावरच्या रेघेशी जुळते का? चेसिसवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्याच्या सांगाड्यावर, क्रमांक ठोकलेला असेल तर त्याच्याशीही ताडून घ्यावे. घरच्या कागदांत रेडिओच्या परवान्याची टपाल खात्याची जुनी पुस्तिका सापडली तर ती रद्दीत टाकू नये. परवाना पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली, पण सेट कधीपासून घरात आहे याचा तिच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

डायलच्या काचेवरही तारीख लपलेली असते. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेव्हा मीडियम वेव्हच्या पट्टीवर ‘पूना’ छापलेले असेल तर ती काच त्याआधीची असणे अवघड आहे. विविध भारती ऑक्टोबर १९५७ मध्ये आली, तिचे नाव असेल तर काच त्यानंतरची. जुन्या डायलांवर मीटर आणि किलोसायकल असत. ‘हर्ट्झ’ हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६० मध्ये मान्य झाले आणि डायलांवर यायला त्यानंतरही काही वर्षे लागली. त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या भारतीय सेटवर ‘किलोहर्ट्झ’ लिहिलेली काच दिसली, तर ती दुसऱ्या सेटची किंवा हल्ली छापून घेतलेली असावी अशी शंका घ्यावी. मीटर आणि किलोसायकल यांचा हिशेब सोपा आहे. तीन लाखांना किलोसायकलने भागले की मीटर मिळतात. पुणे केंद्राच्या ७९२ चे ३७९ मीटर होतात. सेट लागल्यावर काटा आणि आवाज यांच्यात मोठे अंतर पडत असेल, तर काच बदलली असेल किंवा आतली गँग, म्हणजे स्टेशन लावणारा फिरता कंडेन्सर. काटा ओढणारा दोरा घसरल्यानेही असे होते, म्हणून आधी दोरा पाहावा.

आता व्हॉल्व्ह. युरोपीय व्हॉल्व्हच्या नावात त्याची सगळी कुंडली असते आणि ती वाचता आली की अर्धे काम झाले. पहिले अक्षर फिलामेंटचे. ‘ए’ म्हणजे ४ व्होल्ट, ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलीअँपियरवर एकापुढे एक माळेत जोडायचा, ‘डी’ म्हणजे बॅटरीवरचा. नंतरची अक्षरे काम सांगतात. ‘सीएच’ स्टेशन पकडून लहर बदलणारा, ‘एफ’ ती वाढवणारा, ‘एल’ स्पीकर हलवणारा, ‘वाय’ आणि ‘झेड’ एसीचे डीसी करणारे, ‘एम’ म्हणजे स्टेशन नीट लागले का ते दाखवणारी हिरवी मॅजिक आय. आकड्यातला पहिला अंक बुडाचा प्रकार सांगतो. ३ म्हणजे ऑक्टल, ४ म्हणजे रिमलॉक, ८ म्हणजे नऊ पिनांचा नोव्हल, ९ म्हणजे सात पिनांचा छोटा. रिमलॉक चाळीसच्या दशकाच्या अखेरीला आले आणि पन्नासच्या दशकात नोव्हलने त्यांना मागे टाकले. एका सेटमधले व्हॉल्व्ह सहसा एकाच कुळातले असतात. ईसीएच ४२, ईएफ ४१, ईबीसी ४१ असे रिमलॉक ओळीने बसलेले आणि शेवटी ईएल ८४, असे दिसले की तिथे थांबावे. कारखान्याने अशी मोट क्वचितच बांधली. बहुधा ईएल ४१ मिळेना म्हणून मेकॅनिकने सॉकेटच बदलला असेल.

म्हणूनच मी व्हॉल्व्हपेक्षा सॉकेटवर जास्त विश्वास ठेवतो. व्हॉल्व्ह हाताने उपटून दुसरा खोचता येतो. सॉकेट बदलायचा तर रिव्हेट फोडावी लागते, बऱ्याचदा पत्र्याचे भोक कानसावे लागते आणि पाच-सात वायरी सोडून पुन्हा जोडाव्या लागतात. खुणा राहतातच. शेजारच्या सॉकेटांना रिव्हेट असताना एकालाच स्क्रू आणि नट, भोकाच्या कडेला उघडा पडलेला पत्रा, एखादे जास्तीचे रिकामे भोक. असे काही दिसले की पाठीवरच्या छापील यादीतल्या त्या जागेच्या व्हॉल्व्हशी लगेच ताडून पाहावे.

व्हॉल्व्हवरच्या नावाचे काय? बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे बीईएलने, रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली १९६१ मध्ये. हे एक साल पाठ असावे. १९५४ च्या सेटमध्ये बीईएलचा व्हॉल्व्ह असेल तर तो निश्चित मागाहून बसवलेला. पण १९६६ च्या भारतीय सेटमध्ये बीईएलचा व्हॉल्व्ह दिसला तर तो काढून हॉलंडचा फिलिप्स शोधायला धावू नये. तिथे बीईएलच मूळचा असू शकतो आणि त्याच्या जागी खोचलेला परदेशी व्हॉल्व्ह हाच खोटा ठरेल. परदेशी ते अस्सल, या समजुतीपायी किती भारतीय सेटांचे अस्सलपण गेले याची हळहळ वाटते. फिलिप्स घराण्यातल्या व्हॉल्व्हच्या काचेवर, बुडाशी, फिकट राखाडी अक्षरांत एक छोटा संकेत कोरलेला असतो. तिरप्या उजेडात किंवा काचेवर फुंकर घालून वाफ धरली की तो दिसतो. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यात कारखान्याचे चिन्ह, वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचे अक्षर आणि आठवड्याचा अंक येतो. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर. दशक त्यात नसते, ते सेटवरून ठरवायचे. वरचे रंगीत नाव बोटाने पुसले जाते आणि पुन्हा छापताही येते. काचेतला संकेत सहसा कुणी छेडत नाही.

आता एक गोष्ट अगदी जवळून पाहू, कारण नुसत्या डोळ्यांना ती चकवते. ‘यू’ मालिकेचा सेट, शेवटचा व्हॉल्व्ह यूवाय ८५, म्हणजे एसीचे डीसी करणारा. व्हॉल्व्ह जागेवर आहे, फिलामेंट लाल होते, काचेतला संकेतही सेटच्या सालाशी जुळतो. मग चेसिस उलटा करावा. सॉकेटच्या ॲनोड आणि कॅथोडच्या पिनांमध्ये आडवा टाकलेला एक काळा डायोड दिसतो, बीवाय १२७. व्हॉल्व्ह म्हातारा होऊन वीज देईनासा झाला, पण त्याची फिलामेंट तुटली नाही. माळेत ती ३८ व्होल्ट अडवते, म्हणून व्हॉल्व्ह काढून चालत नाही, नाहीतर सगळा सेट अंधारतो. मेकॅनिकने व्हॉल्व्ह तिथेच ठेवला आणि काम डायोडवर सोपवले. युक्ती हुशारीची आहे. बीवाय १२७ हा डायोड टीव्हीत लागे, त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकात तो प्रत्येक दुकानात असायचा. यावरून दुरुस्तीचा काळही कळतो. पण परिणाम समजून घ्यावा. व्हॉल्व्ह तापेपर्यंत उच्च दाब येत नसे आणि आल्यावरही काही व्होल्ट त्याच्यातच खर्ची पडत. डायोड बटण दाबताक्षणी पूर्ण दाब सोडतो आणि स्वतः जेमतेम एक व्होल्ट घेतो. मोठ्या कंडेन्सरांवर आणि अजून थंड असलेल्या बाकीच्या व्हॉल्व्हवर त्याचा ताण येतो. चांगला यूवाय ८५ मिळाला तर डायोड काढून टाकावा. नाही मिळाला तर डायोडच्या ओळीत शे-दीडशे ओमचा रेझिस्टर घालून तो राहू द्यावा आणि तशी नोंद करावी.

चेसिस उलटा केलाच आहे तर तिथेच थांबू. मूळच्या जोडणीत वायरचे टोक टॅगभोवती वळवून मग सोल्डर केलेले असते, आणि सोल्डर थोडे, सगळीकडे सारखे असते. मागाहूनच्या जोडाला सोल्डरचा गोळा असतो, भोवती पिवळट राळ सांडलेली असते, किंवा जुन्या भागाची कापलेली तंगडी तशीच ठेवून तिच्यावर नवा भाग टेकवलेला असतो. ही कापलेली तंगडी दिसली की आनंद व्हावा. मूळचा भाग कुठे आणि कसा बसला होता हे ती सांगते. कापडी किंवा रबरी वायरींच्या जाळ्यात एकच गुळगुळीत प्लास्टिकची वायर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना काय बदलले ते पाहावे. आयएफ कॉइलींच्या आणि ट्रिमरांच्या स्क्रूंवर कारखान्याने मेणाचा किंवा रंगाचा ठिपका लावलेला असतो. तो अभंग असेल तर त्या स्क्रूला हात लावू नये. ठिपका फुटलेला असेल तर कुणीतरी स्टेशन ओढण्यासाठी पेचकस फिरवला आहे आणि सेटची जुळवणी नव्याने करावी लागेल. ट्रान्स्फॉर्मर रिव्हेटने ठोकलेला असेल तर बहुधा मूळचा. नटबोल्टने बसवलेला असेल तर शेजारच्या भागांची पद्धत पाहून ठरवावे, कारण काही कंपन्या मुळातच नटबोल्ट वापरत. स्पीकरचेही तसेच. चाळीसच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ सेटांत स्पीकरला कायमचा चुंबक नसून विजेवर चालणारी कॉइल असे. त्याजागी चुंबकवाला स्पीकर आणि जवळ एक जाडजूड रेझिस्टर दिसला, तर मूळचा स्पीकर गेला असे धरावे.

या भागात बॅटरीवरचे सेटही मिळतात. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा कार्यक्रम झाले आणि मराठी भाषक पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत लोक एकत्र बसून ते ऐकत व नंतर चर्चा करत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने त्या प्रयोगाचा अभ्यास केला होता. तेव्हा कित्येक खेड्यांत वीज नव्हती आणि रेडिओ ऐकायचा तर बॅटरीच हवी होती. अशा सेटांत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ अशी ‘डी’ची ओळ असते. नंतर गावात वीज आली आणि त्याच सेटच्या पोटात, बॅटरी बसायची त्या रिकाम्या जागी, विजेवर चालून बॅटरीचे काम करणारा एलिमिनेटर बसला. काटेकोर संग्राहक तो काढून टाका म्हणतील. मी म्हणेन, ठेवा. तो कारखान्याचा नाही हे खरे, पण त्या घरात वीज आल्यावर कुणीतरी बसवलेला आहे, आणि सेटच्या आयुष्यातली ती मोठी घटना आहे. मूळचा भाग आणि जपण्याजोगा भाग या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकच नसतात.

उलट काही मूळचे भाग जागेवर ठेवणे धोक्याचे असते. त्यातला पहिला म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा कंडेन्सर, साधारण ०.०१ ते ०.०२ मायक्रोफॅराडचा. मेणकागदाचा असेल तर तो आज गळत असतोच, विशेषतः आपल्या पावसाळ्यात माळ्यावर पडून राहिलेला. साध्या मल्टिमीटरवर तो ठीक वाटतो, कारण मीटर त्याच्यावर एक-दोन व्होल्टच टाकतो. सेटमध्ये त्याच्या एका टोकाला शे-दोनशे व्होल्ट असतात. समजा गळती २० मेगओमची आहे आणि ग्रिडचा रेझिस्टर १ मेगओमचा. मग २०० व्होल्टांपैकी साडेनऊ व्होल्ट ग्रिडवर येऊन बसतात. ईएल ८४ ला ग्रिड शून्यावर आणि कॅथोड साधारण ७.३ व्होल्टवर हवा असतो. ग्रिडवर हे साडेनऊ व्होल्ट आले की व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर वीज खेचतो, त्याचा ॲनोड लाल होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळतो, जो खरोखरच मूळचा होता आणि परत मिळणार नाही. म्हणून सेट सुरू करण्याआधीच हा कंडेन्सर बदलावा. सुरू केल्यावर ईएल ८४ च्या दोन नंबरच्या पिनेवर मीटर धरावा. काटा किंचितही धन बाजूला गेला तर सेट लगेच बंद करावा. मूळचे रूप राखायचे असेल तर जुनी नळी हलकेच गरम करून आतला ऐवज काढावा, तिच्यात नवा छोटा फिल्म कंडेन्सर बसवावा आणि टोके मेणाने बुजवावीत. खालून पाहणाऱ्याला जुनाच भाग दिसतो आणि सेट सुरक्षित राहतो. मेन्सपासून चेसिसला जाणाऱ्या कंडेन्सरच्या जागी मात्र त्या कामासाठीच प्रमाणित केलेला सुरक्षा कंडेन्सर घालावा. तिथे रूपाचा विचार करू नये.

‘यू’ सेटबद्दल तर अधिकच सावध राहावे. त्यांत मेन्सचा ट्रान्स्फॉर्मर नसतो आणि चेसिस थेट मेन्सला जोडलेला असतो. पिन उलटी खोचली की सगळा पत्रा २३० व्होल्टवर येतो. अशा सेटचे मूळचे नॉब, नॉबमधला स्क्रू झाकणारे मेण, पाठीचा पुठ्ठा आणि खालची झाकणे हे दिखाऊ भाग नाहीत, वापरणाऱ्याचा जीव राखणारे भाग आहेत. त्यातले एखादे हरवले असेल आणि त्याजागी लोखंडी स्क्रू उघडा दिसत असेल, तर इतर काहीही करण्याआधी ते दुरुस्त करावे. मोठ्या ड्रॉपर रेझिस्टरच्या मागे राखाडी-पांढरा पुठ्ठ्यासारखा तुकडा असेल तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो मूळचाच असतो, पण घासू नये, फुंकू नये, ब्रशही मारू नये.

कॅबिनेटबद्दल थोडक्यात. लाकडी कॅबिनेटला पुन्हा पॉलिश केले असेल तर ते कोपऱ्यात आणि नॉबच्या भोकांच्या कडेला जाड साचलेले दिसते. जाळीचे कापड मूळचे असेल तर नॉबखाली किंवा पट्टीखाली, जिथे ऊन पोचले नाही, तिथे त्याचा खरा रंग सापडतो आणि नवे कापड त्याच्याशी जुळवता येते. चारपैकी तीन नॉब सारखे आणि एक वेगळा असेल तर कोणता परका ते उघड आहे. पण चारही सारखे असून मॉडेलच्या छापील चित्राशी जुळत नसतील, तर संच म्हणून बदललेले आहेत.

हे सगळे पाहून झाल्यावर काम सुरू करण्याआधी वरून आणि खालून छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक भाग, मूळचा असो वा मागाहूनचा, एका पिशवीत घालून तिच्यावर जागा लिहावी, उदाहरणार्थ ‘ईएल ८४ ग्रिड कंडेन्सर, मेणकागद, मूळचा’ किंवा ‘यूवाय ८५ वरचा डायोड, दुरुस्तीतला’. पिशवी कॅबिनेटमध्ये ठेवू नये, आत उष्णता असते. ती सेटबरोबर वेगळी ठेवावी. कॅबिनेटच्या आत फक्त एक कागद चिकटवावा. त्यावर तारीख, बदललेल्या भागांची यादी, आणि सेट चालू असताना मोजलेले व्होल्ट, म्हणजे उच्च दाब, आउटपुट व्हॉल्व्हचा कॅथोड आणि ग्रिड, एवढे लिहावे. सेट पुढे ज्याच्या हातात जाईल, त्याला तुम्ही काय घातले हे हुडकत बसावे लागणार नाही.